अण्णाच्या वाटणीचं पाणी

“सगळं पी. तळाशी ठेवू नकोस,” अण्णा म्हणाला.

मी तांब्या तोंडाला लावला आणि डोळे मिटून घेतले. माठातलं साधं पाणी, वाळा घातलेलं. पण त्या दिवसांत मला पाण्याचा इतका राग यायचा की विचारू नका. त्याला ना चव, ना रंग, घशातून उतरलं तरी उतरल्याचं कळत नाही. आणि समोर खाटेवर मांडी घालून बसलेला माझा थोरला भाऊ माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होता. माझा एकेक घोट खाली जाताना त्याचाही कंठ हलत होता.

“असं बघू नकोस रे,” मी मधेच थांबून म्हणाले. “पोटात दुखंल माझ्या.”

“पाण्याला नजर लागत न्हाई. पी.”

मी संपवलं आणि तांब्या त्याच्यासमोर उलटा धरला. एक थेंब फरशीवर पडला. त्यानं त्या थेंबाकडे बघितलं आणि हसून म्हणाला, “तेवढा ठेवलासच की माझ्यासाठी.”

शालनवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही, आत निघून गेली. तेव्हा मला वाटलं, तिला आमचा हा पोरखेळ आवडत नसावा.

अण्णाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रक्तदाब कधी वाढला आणि कधीपासून वाढलेला होता, कुणालाच कळलं नाही. पाय सुजले, जेवण जाईना, तेव्हा आम्ही त्याला घेऊन बार्शीहून सोलापूर गाठलं आणि मग डायलिसिस मागे लागलं. अंगात गेलेलं पाणी बाहेर पडायचं बंद झालं होतं. जास्त प्यायलं की ते पायात साठायचं, मग छातीत चढायचं. म्हणून वहिनी सकाळी एक लहानशी पितळी लोटी भरून देवळीत ठेवायची. दिवसाचं पाणी म्हणजे तेवढंच. गोळ्या त्यातच, चहा प्यायचा तर तेवढं पाणी त्यातून वजा. बार्शीचा उन्हाळा, आणि माणसाला एक लोटी. अण्णा बर्फाचा खडा चोखायचा, तोंडात लवंग धरायचा, ओला रुमाल ओठांवर ठेवून पडून राहायचा.

आणि ज्या माणसानं आयुष्यभर जगाला पाजलं, त्याच्यावर ही वेळ आली होती. एसटी स्टँडच्या फाटकाशेजारी अण्णाचं थंड्याचं दुकान होतं. सरबतं, सोडा, बाटल्या. गाडीतून उतरलेल्या माणसाला तो आधी फुकट पाणी द्यायचा, मग विचारायचा, काय देऊ. ती सवय आजारपणातही सुटली नाही. घरी कुणी बघायला आलं की स्वतः उठून माठातलं पाणी द्यायचा. ते पीत असताना समोर उभा राहायचा. येणाऱ्याला पाणी गोड लागायचं नाही, पण अण्णाला नको म्हणायची कुणाची छाती होती?

किडनी द्यायचा विषय निघाला तेव्हा आईचं वय झालेलं होतं, वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. माझा जुळला. मला एवढा आनंद झाला, जणू लॉटरीच लागली. मग बाकीच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर मेहेत्रे माझे कागद बघत म्हणाले, “शुगर काठावर आहे. वजनही जास्त आहे. अशा परिस्थितीत तुमची किडनी घेता येणार नाही. दिवसभरात काय काय पिता तुम्ही?”

“चहा,” मी म्हणाले. “क्वचित ताक.”

“खोटं बोलतीय,” शेजारी बसलेला अण्णा म्हणाला. “काळी बाटली लागती हिला. मोठी. रोज. सांजच्याला संपली की अजून आणायला लावती.”

खरंच होतं ते. मी ब्लाउज शिवायची. मशीनच्या पायाशी ती कोल्ड्रिंकची बाटली उभी असायची. झाकण फिरवलं की फस्स असा आवाज यायचा आणि मग माझे हात चालायला लागायचे. आमचे हे म्हणायचे, हिच्या मशीनला तेल लागत नाही, हिलाच लागतं. पाणी मी प्यायचे ते फक्त गोळी गिळण्यापुरतं.

“हे बंद करा,” डॉक्टर म्हणाले. “वजन उतरवा. शुगर खाली आली आणि खाली राहिली, तर पुन्हा तपासू.”

“मग घेताल माझी?” मी विचारलं.

डॉक्टरांनी अण्णाकडे बघितलं. अण्णा म्हणाला, “आधी शुगर आण खाली. मग बघू.”

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून ठरवून टाकलं की आजपासून बंद. अण्णासाठी अंगातलं अर्धं रक्त काढून दे म्हणाले असते तरी मी दिलं असतं, मग एका बाटलीचं काय मोठं! दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं फुटायला लागलं तेव्हा कळलं, काय मोठं ते.

सुई ओवता येईना. गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. एका बाईचा गळा मी इतका खोल कापला की तिनं तो ब्लाउज माझ्या अंगावर फेकला. अण्णानं हे ऐकलं आणि मला घरी बोलावलं. खाटेसमोर पाट मांडून त्यावर त्यानं दुकानातली सगळी आयुधं मांडली होती. ताकाची बरणी, आलं, मिरी, काळं मीठ, पुदिना, जिरं.

“तुला काय वाटतं, तुला गोड आवडतंय?” तो म्हणाला. “तुला गोड नको असतंय, कल्पे. तुला घशाला चावा पाहिजे असतो. मी इतकी वर्षं बघितलंय. बाटलीतला वारा गेला की तू ती टाकून देत होतीस. गोडी तर होतीच की तिच्यात.”

ते तसंच होतं.

त्यानं आलं ठेचलं, मिरी भरडली, ताक एवढं पातळ केलं की पलीकडचं दिसावं. बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावलं आणि लगेच तस्तात थुंकून टाकलं. पुन्हा मिरी घातली. पुन्हा बोट, पुन्हा थुंकणं. त्याचे ओठ भेगाळलेले होते, त्यांना मीठ झोंबत होतं, तरी तो नेमका चावा शोधत होता. शेवटी पेला माझ्यापुढे सरकवला.

मी एक घोट घेतला आणि मला खोकला आला. घशात अगदी बाटलीसारखं झालं.

“चावलं का?” अण्णानं डोळे बारीक करून विचारलं.

“चावलं.”

“मग झालं तर.” तो भिंतीला टेकला. दमला होता. “दुपारी हे. सकाळी वाळ्याचं पाणी. जेवल्यावर जिऱ्याचं, कोमट. आणि तल्लफ आली की आधी तांब्याभर साधं पाणी प्यायचं. त्यावरही पाहिजे वाटलं तर माझ्याकडं यायचं.”

तेव्हापासून रोज मशीन बंद केलं की मी अण्णाकडे जायची. तो माझा तांब्या भरायचा, मी प्यायची. कधी ओटीवर बसून मी त्याचा डावा हात मांडीवर घ्यायची. डायलिसिससाठी त्या हाताच्या शिरा जोडलेल्या होत्या, मनगटाच्या वर बोट ठेवलं की आत घरघर लागायची. माझ्या मशीनसारखीच. “चालू आहे का?” तो विचारायचा. “चालू आहे,” मी म्हणायची.

मधेच एकदा मामा आला तो शहाळ्यांचा घडच घेऊन. आजाऱ्याला बघायला जाताना आमच्याकडे रिकाम्या हातानं कुणी जात नाही, आणि शहाळ्यापेक्षा चांगलं ते काय? पण किडनीच्या माणसाला तेच विष. अण्णानं मामाला काही सांगितलं नाही. शहाळं तासून घेतलं, दोन्ही हातांत धरलं, नाकाशी नेलं आणि कितीतरी वेळ नुसता वास घेतला.

“पी की,” मामा म्हणाला. “असं हुंगतो काय? तहान भागंल, ताकद येईल.”

“येईल, येईल,” अण्णा म्हणाला आणि शहाळं माझ्या हातात दिलं. “पण ताकद हिला पाहिजे, मामा. तिचं ऑपरेशन माझ्यापेक्षा मोठं.”

मामा डोळे पुसत माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागला. मी शहाळं प्यायले. वहिनी पुन्हा उठून आत गेली, आणि या वेळी आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

ऑपरेशनचं मी सारखं बोलायची. डावी काढतील की उजवी, टाके कुठे पडतील, मला किती दिवस मशीन चालवता येणार नाही. अण्णा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “काढतील तेव्हा बघू. आज ताक घेतलंस का?” मला वाटायचं, घाबरलाय. पुरुष माणसं सुईला घाबरतात, हा तर पोट उघडणार.

एक दिवस मात्र माझा धीर सुटला. लग्नसराईचं काम होतं, डोकं ठणकत होतं, आणि समोरच्या दुकानात नवीन फ्रीज आला होता. काचेच्या दारामागे सगळ्या बाटल्या घाम आल्यासारख्या ओल्या दिसत होत्या. मी उठले, दुकानापर्यंत गेले, तिथून तशीच वळून अण्णाकडे आले आणि उंबऱ्यातूनच ओरडले, “मला न्हाई जमत! मी आत्ता जाऊन पिणार आहे. एकच. तुला सांगून पिणार आहे, चोरून न्हाई.”

दुपारची वेळ होती. अण्णा ओठांवर ओला रुमाल ठेवून पडला होता. त्यानं रुमाल काढला, माझ्याकडे बघितलं आणि खाटेला धरून धरून उठला.

“जा,” म्हणाला. “मी अडवीत न्हाई. पण आधी पाणी पिऊन जा.”

मी माठाकडे वळले, तर म्हणाला, “माठातलं नको.” देवळीतली लोटी त्यानं उचलली. सकाळपासून त्यानं तिला जवळपास तोंडच लावलं नव्हतं. संध्याकाळच्या तलखीसाठी तो राखून ठेवायचा. ती त्यानं माझ्यापुढे धरली.

“हे तुझ्या वाटचं आहे,” मी म्हणाले.

“म्हणूनच देतोय.”

“मग तू काय पिशील?”

“आज न्हाई प्यायचो. एक दिवसानं काय होतंय?”

मी नको नको म्हणत मागे सरले. त्यानं माझं मनगट धरलं. त्या हाडकुळ्या हातात कुठून जोर आला होता कोण जाणे. “कल्पे, तुला पहिली बाटली मी दिली,” तो म्हणाला. “आठवतंय का? दादांचा पाय कापला त्या दिवशी.”

आठवत होतं. साखरेनं वडिलांचा पाय सडला होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडत होते, शाळेचा गणवेश अंगात होता, आणि अण्णा कुठूनतरी एक नारंगी बाटली घेऊन आला होता. ती पिताना मी रडायची थांबले होते. माझ्या लहानपणातली ती सगळ्यात प्रेमाची आठवण होती. तिच्याकडे अण्णा स्वतःचा अपराध म्हणून बघत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

“पी,” तो म्हणाला.

मी त्याचं पाणी प्यायले. रडत रडत, सगळं. त्या दिवशी मी दुकानात गेले नाही. त्यानंतर तल्लफ आली नाही असं नाही, पण बाटली डोळ्यांपुढे आली की तिच्याआड ती लोटी यायची आणि माझा हात मागे यायचा. वहिनीनं त्याला संध्याकाळी स्वतःच्या लोटीतलं अर्धं पाणी दिलं. तीही त्याच्या बरोबरीनं मोजूनच पीत होती, हे मला त्या दिवशी समजलं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. माझे स्वतःचेच ब्लाउज मला ढिले व्हायला लागले. आमचे हे म्हणाले, आता तेल मशीनलाच घालत जा. उन्हं पुन्हा तापायला लागली तेव्हा मी सोलापूरला तपासायला रक्त देऊन आले. आणि त्याच आठवड्यात अण्णाला ताप भरला. डायलिसिसच्या माणसाला ताप परवडत नाही. जंतू रक्तात गेले होते, त्याला सोलापूरच्या दवाखान्यातच ठेवून घेतलं.

रिपोर्ट घेऊन मी त्याच्याकडे गेले ते जवळजवळ धावतच. आत एकेकालाच सोडत होते. नळ्यांच्या जाळ्यात तो केवढासा दिसत होता.

“अण्णा, रिपोर्ट आला.”

“वाच.”

मी वाचला. आकडे मला पाठच झाले होते.

“काठावर न्हाई?”

“काठाच्या लई आत. डॉक्टर मेहेत्रे म्हणाले, तुम्ही अगदी उत्तम आहात.” मी त्याचा हात हातात घेतला. “आता तू फक्त ताप उतरव. मग आपण दोघं एकदमच आत जाऊ. बाहेर आल्यावर तुला मी माठच्या माठ पाजते बघ.”

तो हसला. असा हसला की मला वाटलं, आता हा बरा होणार. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. एरवी मी थट्टा केली असती की पाणी वाया घालवतोस. मग तो ओठ ओले करायचा प्रयत्न करत म्हणाला, “बाहेर ऊन लई असंल. पाणी पिऊन जा.”

ते त्याचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी गेला.

घरी आणून त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं. भावकीतली माणसं जमली. चुलतआजीनं वाटीत गंगाजल आणि तुळशीचं पान आणलं आणि एकेकाला बोलावून तोंडात पाणी घालायला सांगितलं. आईनं घातलं, वहिनीनं घातलं. पळीतून एक थेंब, दुसरा थेंब. माझी पाळी आली. मी त्याचा डावा हात उचलून मनगटावर बोट ठेवलं. आत काही चालू नव्हतं. मग मी उठले, आत गेले आणि माझा तांब्या माठातून काठोकाठ भरून आणला.

“अगं, एवढं न्हाई घालायचं,” चुलतआजी म्हणाली. “थेंबच घालतेत. बाहेर येतं ते.”

“येऊ दे,” मी म्हणाले. “आता कोण डॉक्टर अडवणार आहे? भरपूर पिऊ दे की त्याला एकदा! मी वचन दिलंय. किडनी द्यायच्या आधीच गेला, पाणी तरी देऊ द्या!” मी ओरडत होते की रडत होते, मला कळत नव्हतं. “थोडं थांबला असता तर काय झालं असतं? मी झाले होते की तयार!”

वहिनीनं येऊन माझा हात धरला.

“ते घेणारच नव्हते, वन्सं,” ती म्हणाली.

मला कळेना ती काय म्हणतेय.

“पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगून आले होते. बहिणीची घेणार न्हाई म्हणले. बापाला साखर होती, हिची काठावर आलीय, उद्या हिला लागली तर हिनं कुणाची आणायची? डॉक्टर म्हणले, मग त्यांना तसं सांगून टाका. तर म्हणले, न्हाई सांगायचं.” वहिनीचा आवाज फुटला. “म्हणले, ‘स्वतःसाठी ती बाटली सोडायची न्हाई. माझ्यासाठी सोडंल.’”

चुलतआजीनं हातातली वाटी खाली ठेवली.

“मी भांडले, वन्सं. पाया पडले त्यांच्या. मला शपथ घातली गळ्याची. मग मी मनाशी म्हणलं, तुमचा रिपोर्ट चांगला येऊ दे, तुम्हाला अशी ठणठणीत बघितली की तरी मन फिरंल त्यांचं. त्या आशेवर रोज ताक घुसळीत होते मी. तुमच्यासाठी न्हाई घुसळलं. त्यांच्यासाठी घुसळलं.” ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मी हातातला तांब्या खाली ठेवला.

मन फिरलं असतं का त्याचं? मला माहीत नाही. वहिनीलाही माहीत नाही. आज इतक्या वर्षांनीही माझ्या दोन्ही किडन्या माझ्यातच आहेत, दोन्ही चांगल्या आहेत, आणि चांगला रिपोर्ट हातात आला की मला दर वेळी रडू येतं. पण त्या सकाळी मला नुसता राग आला. मला फसवून जगवल्याचा राग. त्याला हलवून उठवावं आणि भांडावं असं वाटत होतं.

वहिनीनं डोळे पुसले. तुळशीच्या पानानं तांब्यातलं पाणी घेऊन त्याच्या ओठांवर सोडलं, आणि तांब्या माझ्याकडे वळवला.

“हे तुम्ही प्या.”

“अगं शालन, मयत घरात असताना कुणी पाणी पितं का?” चुलतआजी म्हणाली.

“ह्या पितील,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका ठाम मी कधी ऐकला नव्हता. “सगळं प्या, वन्सं. तळाशी ठेवू नका.”

मी अण्णाच्या उशाशी बसले आणि तांब्या तोंडाला लावला. सगळी भावकी बघत होती. त्याचे डोळे मिटलेले होते, ओठ ओले होते. मी पीत राहिले, एकेक घोट, शेवटपर्यंत. मग रोजच्यासारखा तांब्या त्याच्यासमोर उलटा धरला. एक थेंबही पडला नाही.